नऊची किल्ली

आमच्या सेंटरमध्ये एक पद्धत होती. ती आधी सांगते, नाहीतर माझ्या हातून जे झालं तो निव्वळ मूर्खपणा वाटेल. मूर्खपणा होताच. पण तो चाळीस वर्षांच्या सवयीतून आलेला होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

सेंटर म्हणजे बावीस गाळ्यांचं शॉपिंग सेंटर. पाटीवर भलंमोठं नाव होतं, पण त्यातली निम्मी अक्षरं गळून पडली, कोणी परत लावली नाहीत, आणि सगळी वस्ती नुसतं सेंटर म्हणू लागली. तीन बाजूंना दुकानं, मध्ये फरशीचं अंगण, अंगणात कारंजं. ते उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या झोकात उडालं, दुसऱ्या दिवशी त्याची मोटर जळाली, आणि तेव्हापासून बायका त्याच्या कठड्यावर पिशव्या टेकवून गप्पा मारतात. माझा गाळा दहा नंबरचा. पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या, आणि मुख्य म्हणजे बिघडलेल्या चेन बदलायच्या. म्हणून मी चेनवाली बाई. शेजारी नऊ नंबरला चष्मेवाले काका.

सेंटर सुरू झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गच्चीवरची टाकी फुटली आणि पाणी थेट वह्यापुस्तकांच्या दुकानात उतरलं. दुकानदार परगावी. शटरखालून शाईचं निळं पाणी बाहेर येत होतं आणि बाकीचे एकवीस जण नुसते हात चोळत उभे होते. त्याच संध्याकाळी कारंज्याभोवती सभा भरली. ठरलं असं की शेजारच्या दोन-दोन गाळ्यांची जोडी लावायची, आणि प्रत्येकाने आपली दुसरी किल्ली जोडीदाराच्या दुकानात ठेवायची. मीटरच्या फळीशेजारी खिळा, खिळ्यावर किल्ली, किल्लीला नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला. एक-दोन, तीन-चार, अशा अकरा जोड्या. तेव्हा दुकानात माझ्या सासूबाई बसत. पुढे त्यांनी मला मशीन दिलं, कात्री दिली आणि नऊची किल्ली दाखवली, तिन्ही एकाच दिवशी.

ही पद्धत भांडणांनाही पुरून उरली. कॅसेटवाला आणि बूटवाला यांचं व्हरांड्यातल्या स्टुलावरून असं वाजलं की दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण बूटवाल्याच्या दुकानात पंखा चालू राहिला की कॅसेटवाला उठून, किल्ली काढून, पंखा बंद करून यायचा आणि परत तोंड फिरवून बसायचा. वायरमन आला, नळवाला आला, रंगारी आला, की जोडीदाराने किल्ली द्यायची. कामवाला काम करून संध्याकाळी ती आणून द्यायचा. कोणी कोणाला विचारत नव्हतं. चाळीस वर्षांत एकही किल्ली हरवली नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी दुकानाच्या काळजीने रडकुंडीला आले होते. काका म्हणाले, "ताई, तुम्ही खुशाल झोपा. मी आहे ना." एकोणीस दिवस त्यांनी आपल्याबरोबर माझंही शटर वर केलं. आलेल्या प्रत्येक पँटीला चिठ्ठी टाचून ठेवली. एका घायकुत्या माणसाची चेन तर स्वतः बसवली, तीही उलटी. ती बंद करायला खाली ओढावी लागे. काकांनी त्याला सांगितलं, आता अशाच येतात. तो माणूस ती पँट वर्षभर घालून हिंडत होता. मी बरी होऊन आले तेव्हा त्या गोष्टीवर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

मग मोठ्या रस्त्यावर सरकत्या जिन्यांचं दुकान झालं आणि आमच्या सेंटरला उतरती कळा लागली. कॅसेटवाला गेला, त्याच्या जागी मोबाइलची कव्हरं आली, तीही गेली. बेकरी गेली तेव्हा वस्तीतली माणसं खरंच हळहळली, पण हळहळण्याआधी दोन वर्षं तीच माणसं पाव दुसरीकडून आणत होती, हे मी विसरलेले नाही. गाळा सोडणारा अंगणात उभा राहून जोडीदाराची किल्ली त्याच्या हातात परत द्यायचा आणि आपली मागून घ्यायचा. तेवढाच निरोप. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने सगळं सेंटर विकत घेतलं. पाडून नवी इमारत होणार, जुन्या भाडेकरूंना तळमजल्यावर गाळा मिळणार, असा करार झाला. पण वाट बघत बसायला फार थोड्यांना जमलं. बाकीचे कंपनीने दिलं ते घेऊन गेले. बावीसातले आम्ही दोघंच उरलो, नऊ आणि दहा.

करारात एक अट होती. गाळा सलग तीन महिने बंद राहिला तर हक्क संपला.

साधारण पाच महिन्यांपूर्वी काका दुकानात भिंग घासता घासता खुर्चीवरून घसरले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले ते तिसऱ्या मजल्यावरच्या पलंगावर. इमारतीला लिफ्ट नाही. फिजिओवाल्या बाई येतात, हात हलवून घेतात आणि सांगतात, "जिना उतरून दुकानात जायचंय ना? मग पाय उचला." काकांच्या पायाला दुसरं कुठलंच आमिष चालत नाही.

मी रोज सकाळी आधी नऊचं शटर वर करत होते, मग दहाचं. नऊमध्ये दिवे लावायचे, आरसा पुसायचा, "चालू आहे" ची पाटी बाहेर टांगायची. गिऱ्हाईक आलं तर सांगायचं, नवा चष्मा होणार नाही, पण स्क्रू आवळून मिळेल, नाकाची गादी बदलून मिळेल. हळूहळू मला ते छान जमायला लागलं. माझी बोटं आयुष्यभर बारीक कामातच गेलेली. खरं सांगायचं तर मला थोडी ऐटही वाटायला लागली होती, आणि पुढचं सगळं त्या ऐटीनेच केलं.

संध्याकाळी मी काकांकडे जायची. परत आलेला त्यांचा पहिला शब्द होता "उघडलं?" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्षं संसार केला मी, आणि ह्यांना आठवलं काय, तर शटर!" मी म्हणायची, "उघडलं." मग ते डोळे मिटून स्वस्थ पडायचे. रोजचा आमचा संवाद एवढाच, पण तो झाल्याशिवाय ते जेवत नसत.

त्या मंगळवारी कंपनीचे एक मोजणीवाले आले. पन्नाशीचे, सभ्य, हातात टेप आणि कागदांची फाइल. माझा गाळा मोजला, मग म्हणाले, "ताई, शेजारचाही बघायचाय." नऊ उघडाच होता. वाकून भिंतीचं माप घेताना त्यांचा चष्मा दोनदा नाकावरून घसरला. मी म्हटलं, "द्या इकडे." काकांचा ड्रॉवर उघडला, बारका पेचकस काढला, काडीचा स्क्रू आवळला, चष्मा पुसून परत दिला. ते आरशात बघून खूश झाले. "अहो, दोन महिने घसरत होता. तुम्ही तर पक्क्या चष्मेवाल्या!" मला गुदगुल्या झाल्या.

मग ते म्हणाले, दुपारी वायरिंग तपासायला माणूस येणार आहे, उशीर झाला तर तुमचा खोळंबा नको, किल्ली देऊन ठेवा, काम झालं की येईल परत. आमच्याकडे वायरमनला किल्ली द्यायची नाही तर कोणाला द्यायची? मी खिळ्यावरून नऊची किल्ली काढली. त्यांनी छापील कागद पुढे केला, "किल्ली दिल्याची नोंद." मला उलट बरं वाटलं, म्हटलं कंपनीची माणसं शिस्तीची दिसतात. कागदावर होतं, गाळा क्रमांक नऊ, किल्ली सुपूर्द, भाडेकरूतर्फे. आणि खाली ठिपक्यांची रेघ. भाडेकरूतर्फे, म्हणजे काकांच्या वतीने! मी मशीनवरची पँट बाजूला सारून, टेबल पुसून, वळणदार सही केली.

संध्याकाळी किल्ली आली नाही. सकाळी जाऊन बघते तर नऊच्या शटरला नवंकोरं कुलूप आणि वर चिकटवलेला कागद. ताबा मिळाला, कंपनीचा शिक्का. मी कारंज्याच्या कठड्यावर बसले. "चालू आहे" ची पाटी कोणीतरी व्यवस्थित काढून भिंतीला टेकवून ठेवली होती.

कंपनीचं ऑफिस जुन्या बेकरीच्या गाळ्यातच होतं. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. भांडखोर माणूस असता तर मी त्याला पुरून उरले असते.

"ही सही तुमचीच ना, मॅडम?"

"माझीच. पण ती वायरिंगवाल्यासाठी दिलेली किल्ली आहे."

"कागदावर वायरिंगचा उल्लेख नाही. किल्ली सुपूर्द केली म्हणजे ताबा सुपूर्द केला."

"अहो, दुकान काकांचं. मी कोण लागून गेले त्यांचा ताबा देणारी? मला काही अधिकार आहे का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अधिकार नव्हता म्हणता? मग एवढे दिवस गाळा कोण उघडत होतं?"

"मीच की. रोज. विचारा वस्तीत कोणालाही."

"अधिकार नसताना?" त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "मॅडम, नीट विचार करून सांगा. तुम्ही त्यांच्या वतीने गाळा चालवत असाल, तर त्यांच्याच वतीने तो सोडलाय. आणि त्यांच्या वतीने नसाल, तर त्यांचा गाळा साडेचार महिने बंद होता. अट तीन महिन्यांची आहे."

हो म्हणाले तरी काकांचं दुकान जात होतं, नाही म्हणाले तरी जात होतं. बाहेर पडताना दारात मोजणीवाले भेटले. त्यांनी चष्म्याच्या काडीला हात लावला, खाली बघितलं आणि बाजूला सरकून मला वाट दिली. त्यांना आधीपासून माहीत होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कळून तरी काय उपयोग.

वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, लढता येईल, नाही असं नाही. पण निकाल लागेपर्यंत जुनं सेंटर पडलेलं असेल, नवं उभं राहिलेलं असेल आणि काकांचा गाळा दुसऱ्या कोणाला गेलेला असेल. "त्यांचं वय काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुढे काही लिहून घेतलं नाही.

आणि संध्याकाळी काका.

"उघडलं?"

"उघडलं," मी म्हटलं.

त्या दिवशी म्हटलं, दुसऱ्या दिवशी म्हटलं, आठ दिवस म्हटलं. वर मसालाही लावला. आज दोन जण आले होते, आज एक आजी नाकाची गादी बदलून गेल्या. काका खूश. फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, ह्या आठवड्यात पाय चांगला उचलतायत, आधार देऊन दारापर्यंत गेले. काकूंनी माझा हात धरला, "अगं, तुझ्या जिवावर चाललेत ते." मी तो हात सोडवून घेतला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. स्वतःची एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

आणखीही काही दिवस मी तशीच खोटं बोलत राहिले असते. पण कंपनीचा फोन आला. नऊ नंबरमधल्या सामानाची यादी झाली आहे. गुरुवारी खोकी काकांच्या घरी पोचवू. भिंगांची पेटी एक, घासायचं मशीन एक, अक्षरांचा तक्ता एक. माणसाचं सगळं दुकान तीन जिने चढून त्याच्या पलंगाशी येणार होतं. त्याआधी सांगणं भाग होतं.

बुधवारी गेले. काकूंना आधी स्वयंपाकघरात सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. गॅस बंद केला, पदराने ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. म्हणाल्या, "तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही."

काका उशीला टेकून बसले होते. डाव्या हाताने चेंडू दाबायचा व्यायाम चालला होता.

"उघडलं?"

"नाही, काका."

चेंडू थांबला. मी सगळं सांगितलं. घसरणारा चष्मा, पेचकस, कागद, सही. सहीचंही काही लपवलं नाही. "मला खुशामत आवडली हो, काका. तुमच्या खुर्चीत बसून मी मोठी झाले होते. माझ्यामुळे गेलं तुमचं दुकान. मला काय बोलायचं ते बोला."

काकांनी खिडकीकडे बघितलं. ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हता. शिवी आली असती तर मी ती पदरात घेतली असती.

"तुमची," ते म्हणाले. मग थांबले. कपाळावर घाम आला. "तुमची... किल्ली."

मला कळलंच नाही. त्यांनी डाव्या हाताचं बोट हवेत वर केलं आणि भिंतीवर काहीतरी अडकवल्यासारखं केलं.

"खिळ्याला."

नऊची किल्ली माझ्याकडे होती, तशी दहाची त्यांच्याकडे होती. मीटरच्या फळीशेजारी, बिल्ल्यावर नंबर कोरलेली. त्या खिळ्याकडे रोज सकाळी माझी नजर जात होती, आणि इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती आता कुलपाआड, कंपनीच्या ताब्यात. ह्या माणसाला मी आत्ता सांगितलं की त्याचं सगळं गेलं, आणि ह्याला काळजी पडली ती माझ्या शटरची.

गुरुवारी सकाळी ऑफिसात गेले. साहेबांनी ड्रॉवर उघडला. आत एका मोठ्या कडीत जुन्या किल्ल्या ओवलेल्या, जाणाऱ्यांनी कंपनीकडे जमा केलेल्या, सगळे पत्र्याचे बिल्ले माझ्या ओळखीचे. त्यांत दहा होता. म्हणाले, ही नऊ नंबरच्या गाळ्यात सापडलेली वस्तू आहे, यादीत चढली आहे, परत हवी तर नऊच्या भाडेकरूने अर्ज करायला हवा.

"त्यांचा उजवा हात चालत नाही," मी म्हटलं.

"मग त्यांच्या वतीने कोणीतरी करू शकेल," साहेब म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनाही बहुधा ते ऐकू आलं, कारण ते एकदम फाइल चाळायला लागले.

त्यांच्या वतीने! मी उठले. पुन्हा कुठल्या कागदावर सही करायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. कुलपं विकणारा आमचा सतरा नंबर तर कधीच गेला होता. बस पकडून लांबून नवं कुलूप आणलं, जुनं काढून नवं लावलं. कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या. दोनच येतात. एक मी ब्लाउजच्या आतल्या पाकिटात ठेवली आणि दुसरी हातात घेऊन व्हरांड्यात उभी राहिले. कंपनीचं ऑफिस सोडलं तर उजवीकडे अकरापासून बावीसपर्यंत कुलपं, डावीकडे नऊपासून एकपर्यंत कुलपं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दहाच्या दुसऱ्या किल्लीला खिळा नव्हता.

संध्याकाळी ती घेऊन काकांकडे गेले. खोकी येऊन पडली होती, पलंगापासून दारापर्यंत. काकूंनी त्यांच्यावर चादर घातली होती, तरी अक्षरांचा तक्ता गुंडाळीतून बाहेर डोकावत होता. दारापर्यंत चालायची वाटच बंद झाली होती. फिजिओवाल्या बाई येऊन गेल्या होत्या. काकांनी पाय उचलला नाही, असं काकूंनी सांगितलं.

किल्ली त्यांच्या डाव्या हातात ठेवली. बिल्ला नव्हता, म्हणून मी पँटीला टाचायची चिठ्ठी दोऱ्याने बांधून त्यावर दहा लिहिलं होतं.

काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मूठ मिटली. माझ्याकडे बघून ओठांशी झटापट सुरू केली. "उघडलं?" विचारतील म्हणून मी उत्तराची तयारी केली. दहाचं शटर मी त्या सकाळीही उघडलं होतं, ते तरी खरं सांगता आलं असतं.

पण त्यांना दुसरंच काही म्हणायचं होतं. खूप वेळ लागला. काकू मधे बोलणार होत्या, मी त्यांना हाताने थांबवलं.

"झोपा," काका म्हणाले. "खुशाल."

श्वास घेतला.

"मी... आहे... ना."

मी म्हटलं, "हो, काका." आणि खोक्यांच्या मधून वाट काढत जिन्याकडे गेले.